शनिवारचा गट: जिभेखालच्या गोळीवाल्यांची बैठक, पाचपैकी चार तारे

पहिल्या दिवशी दारात बसलेला माणूस मुका आहे असंच मला वाटलं. "इथं ती मीटिंग असते का?" असं विचारलं तर त्यानं नुसती मान हलवली. मग माझ्या चपलांकडं बोट दाखवलं, मग आतल्या जाजमाकडं. ओठ घट्ट मिटलेले. मी चपला काढून आत जाऊन बसलो आणि मनात म्हटलं, बरं झालं, इथं बोलायची सक्ती दिसत नाही. दहा-बारा मिनिटांनी तोच माणूस मडक्यातलं पाणी घेऊन चूळ भरून आला आणि जो बोलायला लागला तो पाच वाजून गेले तरी थांबेना. जिभेखाली गोळी होती त्याच्या. वाळूजला एका कंपनीत रात्रपाळीचा फिटर आहे. सकाळी येऊन झोपतो, दुपारी उठतो, म्हणून त्याची 'सकाळची गोळी' तीन वाजता. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो. गट तोच चालवतो.

गटाला नाव नाही, बोर्ड नाही. आपसात 'शनिवार' म्हणतो. "शनिवारी येणार का" एवढं पुरतं. अफू, गर्द, ट्रॅमाडॉल, खोकल्याचं औषध, इंजेक्शनं असल्या नशेतून निघून जे आता डॉक्टरच्या देखरेखीखाली बुप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आहेत, त्यांची ही बैठक. दर शनिवारी दुपारी ३ ते ५, छत्रपती संभाजीनगरात. (तोंडात अजून औरंगाबादच येतं. एसटीची पाटी बदलली, जिभेला वेळ लागतोय.) फी नाही. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, बसलेले सगळे पेशंटच. कधी नऊ जण असतात, कधी पंधरा. मी चौदा महिने जातोय, त्यातले सात-आठ शनिवार चुकले असतील. पत्ता इथं देत नाही, तसं आमचं ठरलेलं आहे. गोळी जिथून घेता तिथं विचारा, सांगतात.

जागा एका संस्थेच्या बालवाडीची. खाली जाजम, वर पत्रे, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. माझ्या लहानपणीच्या तक्त्यात औ औताचा होता, इथं औ औषधाचा आहे. लाल औषधाची बाटली काढलीय, खोकल्याच्या औषधासारखीच दिसते. आमच्यातला एक जण रोज तसल्या पाच-सहा बाटल्या रिचवायचा, तो पहिल्या दिवसापासून तक्त्याकडं पाठ करून बसतो. त्यावरून त्याची चेष्टा होते, तोही करू देतो. मे महिन्यात मात्र त्या पत्र्याखाली दुपारी तीनला बसणं म्हणजे शिक्षा आहे. एक पंखा, तोही लाइट असली तर.

माझं सांगायला पाहिजे, नाहीतर हा गट मला का पटला ते कळणार नाही. मी जालन्याचा, वय ४१. अकरा वर्षं एका मेडिकलच्या काउंटरवर होतो. खोकी उचलून उचलून कंबर धरली तेव्हा शेल्फवरच हात गेला. ट्रॅमाडॉलची एक गोळी, रात्री. झोप छान लागली, आणि खरं बोलायचं तर कंबरेपेक्षा डोकं जास्त हलकं झालं. वर्षभरात सकाळी उठल्यावर चार, दुपारी चार, रात्रीच्या मोजत नव्हतो. आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, "काका, ही पाच दिवसांच्या वर घेऊ नका बरं." एकदा काउंटरवरच फिट आली. ट्रॅमाडॉल जास्त झालं की झटके येतात हे मला पाठ होतं. घरचे मिरगी मिरगी करत दवाखाने हिंडले, आईनं उतारा टाकला, आणि मी गप्प बसून त्यांना हिंडू दिलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. माल मोजून यायला लागला, रजिस्टर घट्ट झालं आणि मालकाला जे कळायचं ते कळलं. पोलिसांत दिलं नाही, एवढे उपकार.

मग एका निवासी केंद्रात महिनाभर राहिलो. नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती, पण त्यांचं गणित एकच होतं: अंगातलं सगळं काढा, टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) सोसा, मन खंबीर ठेवा, घरी जा. एकतिसाव्या दिवशी खंबीर मन घेऊन मी घरी आलो आणि चौथ्या दिवशी जुन्याच हिशेबानं गोळ्या घेतल्या. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस पेलत नाही. हेही मला माहीत होतं, काउंटरवाला ना मी. भावानं बाथरूमचं दार तोडलं म्हणून हे लिहितोय.

त्यानंतर एका मानसोपचार डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिन चालू केलं. ही गोळी आमच्या दुकानात कधी आलीच नव्हती. ती साध्या मेडिकलवर विकायची नसते, व्यसनमुक्तीच्या केंद्रातून, दवाखान्यातूनच मिळते. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, टर्की सुरू झाल्याशिवाय द्यायची नाही, थांबा. अंगात आधीचा माल असताना घेतली तर ती त्याला हुसकावून लावते आणि टर्की एकदम दुप्पट होऊन अंगावर येते. मी हगवणीनं, घामानं बेजार होऊन बाकावर थांबलो होतो, मग दिली. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली. आईनं पिठलं केलं होतं, तीन भाकरी खाल्ल्या, आणि ती तव्यापाशी तोंड फिरवून बसून राहिली.

गोळी काय करते ते मामाच्या तोंडून ऐकावं. "खुर्ची तीच रे, पण हिच्यावर असा माणूस बसतो की तो दंगा बी करत नाही अन् उठत बी नाही. मग दुसरा आला तर त्याला बसायला जागाच नाही." डॉक्टरांची भाषा वेगळी, हिशेब हाच. मेंदूतल्या त्याच जागी चिकटते, अर्धवटच चालवते, डोस कितीही वाढवला तरी असर एका मर्यादेला थांबतो. वर अफूच्या जातीचं दुसरं काही घेतलं तर ते फारसं लागत नाही.

गोळी मिळाली, तरी अडचण राहिलीच. कामाचे तास सोडले तर बाकीच्या वेळी डोकं मोकळं, आणि जुने मित्र सगळे त्याच धंद्यातले. म्हणून एका बैठकीला जायला लागलो. कुठली ते सोडा. तिथं दुसऱ्याच आठवड्यात मी म्हणालो, "माझी गोळी चालू आहे." समोरचे एक जण प्रेमानंच म्हणाले, "मग दादा, तू अजून नशेतच आहेस. बस, ऐक. गोळी सुटली की बोल." सात आठवडे मी बसून ऐकलं. आठव्याला डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली, बोलायला मिळावं म्हणून. बोललोही, टाळ्याही पडल्या. पंधरा दिवसांत परत गोळ्यांचे पत्ते विकत घेत होतो, दुप्पट भावानं, दुसऱ्या गावातून.

शनिवारच्या गटाचं मोल ज्याला टाळ्यांचा हा हिशेब कळतो त्याला कळेल. इथं गोळीवर असणं हीच आत यायची अट. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत, सर म्हणतो त्यांना, ते असलं काहीतरी वाचून येतात. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत बाल्टिमोरला १९९१ साली मेथाडोनवाल्यांनी (तेही असंच नशा सोडवायचं औषध) अशीच आपली वेगळी बैठक काढली, कारण दुसरीकडं त्यांनाही कुणी सोबर धरत नव्हतं. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, हेही त्यांनीच सांगितलं. पेशंटनंच पेशंटला धरायचं हे तसं आपल्याकडंही जुनंच. पुण्यात १९८६ ला सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले पेशंटच पुढं कार्यकर्ते झाले. एकदा सर एम्सच्या २०१९ च्या पाहणीचा कागद घेऊन आले. देशात अफूच्या जातीची नशा करणारे सव्वादोन कोटींच्या वर, आणि ज्या आठ राज्यांत यातले निम्म्याहून जास्त अडचणीतले लोक आहेत, त्यात महाराष्ट्र. आम्हाला वाटायचं हे सगळं पंजाबचं. नांदेडहून महिन्यातून एकदा येणारे एक सरदारजी आहेत, ट्रकवाले, ते म्हणाले, "आता बोला." हसलो सगळे.

नियम थोडे आहेत. कुणाचे मिलिग्रॅम विचारायचे नाहीत. हा नियम मला पहिल्यांदा येडपट वाटला. पण माणसाची जात अशी, की दोन मिलिग्रॅमवर असलेला आठवाल्याकडं असा बघतो जसं काही हा सुटलेलाच आणि तो अजून नशेत. मग आठवाला लाजेनं स्वतःच कमी करतो आणि पडतो. दुसरा नियम, गोळी उसनी द्यायची नाही. हरवली, भिजली, कुत्र्यानं खाल्ली, काही असो, अर्धी सुद्धा नाही. डॉक्टरला फोन लावून द्यायचा, सोबत जायचं. तिसरा, डॉक्टरकी करायची नाही, आपलं झालेलं सांगायचं. चौथा नियम घड्याळाचा आहे, तो मामाच पाळत नाही.

आता तो शनिवार. माझा चौथा असेल. एक माणूस आत आला, पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी ओळखला. जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन यायचा, तीच चिठ्ठी वर्षभर. झेरॉक्स इतकी वेळा घडी घातलेली की मधून उजेड दिसायचा. मी चिठ्ठी बघायचो, त्याच्याकडं बघायचो नाही, आणि पत्ते द्यायचो. त्यानंही मला ओळखलं. बरोबर समोर बसला.

त्याची पाळी आली. माझ्याकडं बोट न करता, नुसती हनुवटी उचलून म्हणाला, "मी ह्यांच्या काउंटरवरून घेत होतो."

खोलीत पंखा तेवढा वाजत होता. मामा, जो कुणाच्याही वाक्यात वाक्य घालतो, तो गप्प. मी उठायच्या बेतात होतो. चपला दाराशी कुठं आहेत हे पण बघून ठेवलं. मग तो माणूस म्हणाला, "एकदा पैसे कमी होते. ह्यांनी दिले तसेच. १८० रुपये राहिलेत माझ्याकडं." आणि खिशातून काढले. शंभराची एक, पन्नासची एक, बाकी दहाच्या. मोजून जाजमावर ठेवले माझ्यापुढं.

मला ते घ्यायचे नव्हते. कसे घेणार? कशाचे पैसे होते ते? आणि न घ्यावेत तर तो माणूस हात पुढं करून बसलाय. शेवटी ती नर्सताई (आमच्या गटात बाई ती एकटीच) म्हणाली, "चहाच्या डब्यात टाका हो ते, दूध संपलंय." डब्यात टाकले. चहा आला. चहात साखर जास्त होती. आता आम्ही दोघं एकाच बसनं येतो-जातो. तो बदनापूरला चढतो, मी त्याच्यासाठी खिडकी धरतो. त्या काउंटरबद्दल आम्ही परत बोललेलो नाही. एकदाच, करमाड गेल्यावर, तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा वर बघत नव्हते." मी म्हटलं, "नाही." बस्स.

कामाच्या गोष्टी इथं जेवढ्या कळल्या तेवढ्या कुठं कळल्या नाहीत, कारण डॉक्टरांकडं पाच मिनिटं असतात आणि आपल्याला तेव्हा काही आठवत नाही. गोळी विरघळली की पाण्यानं चूळ भरायची आणि ब्रश मात्र तासभर करायचा नाही, नाहीतर दात जातात. हे मला नर्सताईनं सांगितलं, तोवर माझी एक दाढ गेली होती. बद्धकोष्ठ सगळ्यांनाच. इसबगोल, ज्वारीची भाकरी, पपई, भरपूर पाणी, आणि यावर गटात जेवढी चर्चा होते तेवढी रामावर कीर्तनात होत नसेल. गोळी गिळली तर नीट लागत नाही, म्हणून बोलायचं नाही, थुंकी गिळायची घाई करायची नाही. संयुक्त गोळीत बुप्रेनॉर्फिनसोबत जे नॅलॉक्सोन (अफूचा असर उतरवणारं औषध) असतं ते जिभेखाली फारसं लागू होत नाही, पण कुणी विरघळवून टोचली तर तेच उलटतं. 'बटन' म्हणून आपल्याकडं ज्या झोपेच्या गोळ्या विकतात त्या वेगळ्या जातीच्या, या औषधानं त्यांची नशा सुटत नाही, आणि या गोळीवर बटन नाहीतर दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो. हे सांगताना मामाचा आवाज बदलतो. त्याच्या ओळखीतलं कुणीतरी गेलंय तसं. विचारलं नाही मी.

रमजानचा प्रश्न पण इथंच सुटला. गटात चार-पाच जण मुसलमान आहेत. रोज्यात जिभेखाली गोळी कशी ठेवायची? डॉक्टरांना विचारून एकानं वेळ सहरीच्या आधीची करून घेतली, एकानं इफ्तारनंतरची. गोळीचा असर दिवसभराच्या वर टिकतो, त्यामुळं वेळ सरकवता येते. लगेच आमच्यातल्या एका माळकऱ्यानं विचारलं, एकादशीला चालते का. चालते महाराज, वरईच्या आधी घ्या.

त्या पोराचं सांगतो. चोविशीतला, लातूरकडचा. इकडं कंपनीत लागलेला. लग्न ठरत होतं आणि त्याला गोळी बंद करायची होती, मुलीकडच्यांना कळायच्या आत. गटात कुणीही "बंद करू नको" म्हणालं नाही, तशी पद्धत नाही. सरांनी विचारलं, "मागच्या वेळी बंद केलीस तेव्हा काय झालं?" त्यानं सांगितलं काय झालं ते. मग एकानं आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, शुगरची गोळी रोज खातो तशीच ही. पोरगं उसळलं. "शुगरवाल्याला पोरगी द्यायला कोण नाही म्हणतंय का? काहीही बोलू लालेत." बरोबर होतं त्याचं. ते वाक्य मी स्वतः भावाला शंभरदा ऐकवलंय, पण त्या दिवसापासून वापरत नाही. नर्सताई एवढंच म्हणाली, "सांगायचं का नाही ते तू ठरव. पण सांगायचं असलं तर तूच सांग. माझं माझ्या सासूनं सगळ्या गल्लीला सांगितलं." त्यानं सांगितलं मुलीला, क्रांती चौकात चहा पिताना. सोयरीक मोडली. पुढच्या शनिवारी आला, पाळी आली तेव्हा "पुढं" म्हणाला, आणि जाजमाच्या दशा ओढत बसला. त्याच्या शेजारच्यानं जाताना त्याला स्टँडपर्यंत सोडलं. गोळी चालू आहे त्याची. अजून येतो.

आता एक तारा का कापला ते.

मामा फार बोलतो. पंधरा जण असले आणि मामानं चाळीस मिनिटं घेतली की शेवटच्या दोघांना "बोला पटकन" एवढंच मिळतं, आणि बहुतेक वेळा त्याच दोघांना बोलायचं असतं. सांगून झालंय. तो कान धरतो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

बायकांसाठी काही नाही. नर्सताई दाराजवळ बसते आणि साडेचारला निघते, बस धरायची असते. तिला पेंटाझोसिनच्या, म्हणजे दुखणं थांबवायच्या, इंजेक्शनांची सवय लागली होती, दवाखान्यात हाताशी असायची. ती म्हणते, अशा अजून तिघी तिला माहीत आहेत, पण दहा-पंधरा पुरुषांत जाजमावर मांडी घालून त्या काय बोलणार? बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढी सोय सरकारनं केली. आम्ही वेगळा एक तास काढू शकलो नाही. सहा महिने झाले हा विषय "बघू" वर आहे. यात माझाही दोष, मीही "बघू" म्हणणाऱ्यांत.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपपासून लांब राहा. एकानं बैठकीचा फोटो टाकला, तो कुठून कुठं गेला, आणि एका पोराच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर पोचला. नोकरी वाचली, पण तो परत आला नाही. त्यानंतर ग्रुपवर फक्त "आज आहे" आणि "आज नाही" एवढंच टाकायचं ठरलं. तरी एक गृहस्थ पहाटे पाचला सूर्यफुलाचा फोटो आणि सुप्रभात टाकतातच. शिवाय जालना-संभाजीनगर हा काही मोठा मुलूख नाही. कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, माझं बघितलंच तुम्ही. ज्याला अजिबात ओळख नको त्यानं हे मनात धरून यावं.

आणि नवीन माणसाला घाई असते की "कधी सुटणार गोळी?" त्याचं उत्तर इथं मिळत नाही. कुणी दोन वर्षं घेतोय, कुणी पाच. एक जण डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करत सुटला, दीड वर्ष लागलं त्याला, आणि तरीही शनिवारी येतो. चहाला येतो म्हणतो. ज्याला तीस दिवसांत बरं करून पाहिजे त्याला ही बैठक कंटाळवाणी वाटेल.

घरच्यांना एकदाच आणता येतं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. माझी आई आली होती. दोन तास एक शब्द बोलली नाही. परत जाताना बसमध्ये म्हणाली, "तो मोठ्यानं बोलणारा बरा आहे, पण त्याला कुणीतरी जेवायला घाला." मामा खरंच बारीक झालाय, रात्रपाळीनं.

यायचं असेल तर: आधी डॉक्टर पाहिजे, गोळी चालू पाहिजे, गट गोळी देत नाही. अजून कुठंच गेला नसाल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, रात्री फारच वाईट वाटत असलं तर टेलिमानस (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६. पहिल्या दिवशी नाव सांगायची गरज नाही. पाण्याची बाटली आणा, मडकं चारपर्यंत संपतं. चहाचे दहा रुपये डब्यात, नसले तर नसू द्या. तीनची वेळ असली तरी सव्वातीनला या. दारात कुणी ओठ मिटून बसला असला तर त्याला प्रश्न विचारू नका. आणि चपला रांगेत ठेवा, सोमवारी बालवाडीच्या मावशी मामाला बोलतात.